पाठ

कपाटाची किल्ली शेवाळे शिपायांकडे असते
आणि शेवाळे नेमके बँकेत गेलेले असतात.
तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली नऊ अशी गेली.
मग निघतात बावीस लेझमी,
सहांच्या चकत्या गळालेल्या.
त्या हलवल्या तर नुसता दांड्याचा श्वास ऐकू येतो.

मी तासावर नेमलेला. आठवड्याला सहा शाळा,
चकाला, मरोळ, पवई, अशा करत
गुरुवारी ही, आरेतली.
इथे तबेल्याचा वास न विचारता वर्गात येतो,
हजेरी न देता शेवटच्या बाकावर बसतो.

वडील हलगी वाजवायचे, वाईच्या बाजूला.
चामडं शेकोटीवर धरायचे,
ताणलं की म्हणायचे, हां, आता बोल.
ते हलगीला म्हणायचे की मला,
अजून कळलेलं नाही.

परिपत्रक आलं: पंधरा ऑगस्ट, वारली नृत्य, चार मिनिटं.
फोटो तीन. चेहरे स्पष्ट असावेत.
मी ते शिकलो होतो वाशीच्या शिबिरात,
दोन दिवस, चहा-नाश्त्यासह, प्रमाणपत्रासह.
मोबाइलमध्ये तारपा होता.
खुर्चीवर स्पीकर ठेवला,
सोळा मुलांची रांग पाहुण्यांच्या दिशेला वळवली,
एक दोन तीन, पाय.
एक दोन तीन, पाय.
रेहाना वळली, सेल्वी वळली, शिवपूजन जरा जास्तच वळला.
सुगंधा वरठा वळली नाही.

सातवी ब. राहणार पाडा, शाळेमागच्या चढावर.
"सर, त्याला पाठ नाही करायची."
कुणाला?
तिनं खुर्चीकडे पाहिलं.
खुर्चीवर निळा दिवा लुकलुकत होता, बॅटरी अर्धी.
मुलं हसली. मीही हसलो असतो,
पण कुणी हलगी ओलांडून गेलं की
वडिलांच्या तोंडून जे निघायचं
ते आठवलं.

गोल करू म्हटलं, तर कामेरकर बाई म्हणाल्या,
गोल केला की पाहुण्यांना नुसते शर्ट दिसतात.
घरी कोण वाजवतं गं?
काका. रात्री फिल्मसिटीच्या गेटवर असतात.
येतील का पंधरा तारखेला?
"नवं भात घरात आल्याशिवाय तोंडाला नाही लावत, सर."
असं म्हणाली, जसं सांगावं
रविवारी बँक बंद असते.

पंधरा ऑगस्टला आम्ही लेझीम खेळलो.
सोळा वाजत्या, सहा मुक्या.
चेहरे स्पष्ट आले.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, घंटा झाल्यावर,
काका आले, वॉचमनच्या गणवेशातच,
एका खांद्याला शिट्टीची दोरी
आणि काखेत दुधीचा, बांबूचा, ताडपानाचा
तो लांब प्राणी, झोपलेला.
मुलं घरी गेली नव्हती. कुणी सांगितलं होतं, माहीत नाही.
काकांनी गाल फुगवले.
प्राणी जागा झाला.
घोळकाठी जमिनीवर आपटली,
सूर बदलला तसे पाय बदलले,
मुलांचे लगेच, माझे उशिरा.
मला शेपटीला घेतलं होतं.
सवयीनं ओठातल्या ओठात
एक दोन तीन चाललं होतं.
पुढून सुगंधा, तारप्यावरची नजर न काढता:
"सर, मोजू नका."

अहवालात त्या तासापुढे एकच फोटो आहे,
शेवाळ्यांनी भिंतीजवळून काढलेला, किल्लीचा जुडगा हातात, म्हणून हललेला.
अलीकडच्या सात पाठी,
पलीकडचे चेहरे धुळीत पुसलेले.
बाईंनी बराच वेळ पाहिला, मग सही केली.
सगळ्यांचे पाय जमिनीवर टेकलेले आहेत,
एक हवेत आहे.
तो माझा.