खोलीचा आवाज

हॅलिफॅक्सला, चढावरच्या त्या घरात
आधी मी फ्रिज बंद केला, घरघर नको म्हणून.
आत दुधाच्या बाटलीशेजारी गाडीची किल्ली ठेवली,
म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरत नाही.
विनिफ्रेड ओल्डरॉइड हसल्या,
"डेनिसही असंच करायचा."

मग तीन तास कारकीर्द.
नऊ चित्रपट. पहिला गिरणीतल्या बायकांवरचा,
दोन आपटलेले, त्यांच्याबद्दलच जास्त मायेनं बोलल्या,
आणि तो प्रसंग, जो आता शिकवतात :
आई दारात उभी, ओठ हलताहेत,
आणि चार मिनिटं टाचणीचाही आवाज नाही.
"हे धाडस सुचलं कसं?" रोझलिंडनं विचारलं.
उत्तर पाठ होतं. सुरेख दिलं.

कॅमेरा बंद. रोझलिंड दिवे गाडीत भरायला गेली.
राहिला फक्त खोलीचा आवाज.
अर्धा मिनिट हलायचं नाही,
नुसती शांतता भरून घ्यायची,
संकलनात ठिगळं लावायला लागते.

अकराव्या सेकंदाला त्या म्हणाल्या,
"टेप अडकली होती.
डेनिस जिन्यात बसून रडला.
मी म्हटलं, राहू दे तसंच.
बक्षीस घ्यायला मात्र
एकटीच गेले."

मी हेडफोन काढला नाही.
बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेला,
तोही आलाय त्यात.

फाइलवर लिहिलं : खोली, खराब. पुन्हा घेतली.
खराब अजून पुसलेली नाही.

फ्रिज त्यांनीच सुरू केला
आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली,
गार.