उलटे आटे

डॉज, अडुसष्टची. हिरवी होती म्हणे कधीकाळी,
आता मोरा खोऱ्यातल्या धुळीचाच रंग तिचा.
चाकांना नटांच्या भोकांपाशी चिरा गेलेल्या, केसाएवढ्या.
केसानंच गळा कापतात, युफेमिया आत्या म्हणाली,
आणि माझं कार्ल्सबादला निघणं दोन दिवस पुढे गेलं.

एस्पान्योलाच्या भंगारातून चार चाकं आणली,
वीस डॉलरला एक. मी खूश.
तिनं प्रत्येक चाक उभं करून भोकांत बोट फिरवलं,
लेकराचे दात चाचपावेत तसं.
"भोकं पाच, अंतर बरोबर, हे कुणीही बघतं.
नट बसतो ती वाटी बघ. नटाचं तोंड निमुळतं
आणि वाटी सपाट, असा संसार चालत नाही."
एक चाक तिनं बाजूला ठेवलं. ते परत गेलं. वीस डॉलरही गेले.

अंगण उताराचं. मागच्या चाकांना दगडांची उटी.
जॅक वर चढला, पण खाली घोडी लावेपर्यंत
मला गाडीच्या सावलीतही येऊ दिलं नाही.
जॅक म्हणजे पाहुणा, कधी उठून जाईल नेम नाही.
बावीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेली बाई,
डाव्या हाताची करंगळी अर्धी.
त्याबद्दल ती कधी बोलत नाही,
फक्त घोडी दोनदा हलवून बघते.

उजवी बाजू तासाभरात झाली.
तारेच्या ब्रशनं गंज झाडला, नवं चाक टेकलं,
नट आधी हातानं, मग पान्यानं, समोरासमोरचे,
चांदणी काढल्यासारखे.
आत्या आत गेली बीन्स बघायला.
मी डावीकडे आलो.

हलेचना. पान्यात पाइप घातला, पाइपावर उभा राहिलो.
गंज आहे, म्हटलं. म्हातारी गाडी, म्हटलं.
सगळा आटापिटा करून, सगळ्या वजनानिशी
मी तो नट
घट्ट करत होतो.

काडकन आवाज झाला. कोंबड्या पांगल्या.
हातात पाना, पान्यात नट, नटात तुटका बोल्ट.

ती दारात आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
बसली, तुटका तुकडा शर्टाला पुसला,
टोकावरचं अक्षर दाखवलं, एल, मुंगीएवढं.
"डावीकडचे आटे उलटे आहेत हिचे.
चाक पुढं पळताना नट सुटू नयेत म्हणून
कुणीतरी डोकं लावलं होतं.
जग उजवीकडे आवळतं, ही डावीकडे.
हट्टी नाही ती. तू विचारलं नाहीस."

नवा बोल्ट बसवायला दुसरा दिवस गेला.
आट्यांना तेल लावू दिलं नाही: "कोरडेच राहू देत.
तेलकट हाताला घट्टपणाचा अंदाज येत नाही, पान्यालाही नाही."
टॉर्कचा पाना टक् म्हणाला की थांबायचं.
मला आणखी थोडं आवळायचं होतं.
तिनं माझ्या मनगटावर नुसती बोटं ठेवली, साडेचार.

निघताना पिठाच्या रोट्या, मिरच्यांची पिशवी,
आणि एकच वाक्य, देवाचं नाव नाही, जपून जा नाही:
"पन्नास मैलांवर थांब आणि पुन्हा आवळ."

आंटन चिकोच्या फाट्यावर थांबलो.
वारा असा की टोपी कुंपणापलीकडे.
वीस नट. एकोणीस जागचे हलले नाहीत.
फोन लावला. "एक हलला, आत्या. आठवा हिस्सा."
"कुठला?"
"डावा, मागचा."
तिकडे भांड्यात काहीतरी ढवळल्याचा आवाज.
"आवळलास कुणीकडे?"

ट्रेलर घोंघावत गेला, डॉज जागच्या जागी डुलली.
मी रस्त्याच्या कडेला, फोन खांद्यात दाबून,
हवेतच हात फिरवून पाहतोय,
एकदा इकडे,
एकदा तिकडे.