फर्निचरची नऊ अक्षरं

वादी कबीरमधल्या त्या दुकानाची पाटी
आम्ही दुपारी चारला उतरवली, मी आणि मोतालेब.
ऊन अजून पत्र्यावर ठाण मांडून होतं.
वरची अरबी ओळ एकसंध निघाली,
अक्षरांनी अक्षरांचे हात सोडलेच नाहीत,
म्हणून ती तशीच भंगारात गेली.
खालची इंग्रजी मात्र सुटी सुटी,
कॅम्पात नव्यानं उतरलेल्या माणसांसारखी,
प्रत्येकाची वायर वेगळी, प्रत्येकाचा स्क्रू वेगळा.
एफ, यू, आर, एन, आय, टी, यू, आर, ई.
फर्निचर.
जुन्या चादरीत गुंडाळली
आणि पिकअपच्या मागे त्यांच्याशेजारी बसून आलो.

नवा भाडेकरू खलफान म्हणाला,
नव्या अक्षरांना पैसे नाहीत,
यातूनच काढ काहीतरी.
पण विकणार काय?
ते अजून ठरलं नाही.
तू शब्द सांग, मग बघू.

मी लांज्याच्या मराठी शाळेतला.
इंग्रजी मला पाठमोरी ओळखू येते.
अठरा वर्षं अक्षरांची मागचीच बाजू
सोल्डर करतोय.
पुढून ती काय म्हणतात, ते माझं काम नव्हतं.

रात्री कस्तुरीला फोन लावला.
तिच्याकडे साडेदहा, माझ्याकडे नऊ.
म्हटलं, नऊ अक्षरं देतो, लिहून घे,
यांच्यात बसणारे शब्द सांग.
यू दोन आहेत, आर दोन, बाकी एकेकच.
ती पालथी पडून वहीत खोडत होती,
पेनाची खरखर इथवर येत होती.

फायर, म्हणाली.
नको, नगरपालिका सही देणार नाही.
ट्यून. रेंट.
रेंट तर आहेच.
रुइन.
हा कोणता?
थांबा, बघते. म्हणजे वाटोळं.
पुढे जा.
फ्युचर!
हे मला पटलं. सहा अक्षरं चादरीवर वेगळी मांडली.
मागे राहिली आर, एन, आय.
ती मेसेजात मराठी लिहिते तसं वाचून पाहिलं:
ऋणी.
पतपेढीचे अकरा हप्ते बाकी आहेत
हे यांना कुणी सांगितलं?
मी सगळी परत एकात एक ढकलली.

मग बराच वेळ पेन वाजलं नाही.

बाबा, रिटर्नपण होतो.
नीट बघ.
बघितलं. टी एकच आहे, पण पुरतो.
आर मात्र दोन्ही लागतात.

मोतालेबने खाटेवर कूस बदलली.
एसी बादलीत ठिबकत होता.
मी ती बादली उगाच थोडी सरकवली.
रिटर्न नावाचं दुकान कोण काढेल, मी म्हटलं.
हो ना, म्हणाली.
मग फ्रूट घ्या. पाचच अक्षरं,
तुमची वायरही वाचेल.

आज संध्याकाळी खलफानने
केळ्यांचे घड टांगले, सलालाची शहाळी रचली,
जणू लहानपणापासून हेच करायचं होतं त्याला.
मी शिडीवरून उतरलो, मोतालेबने बटण दाबलं.
आय जरा लुकलुकला, मग तोही थांबला.
फोटो पाठवला.

उरलेल्यांचं काय केलंत? तिनं विचारलं.
माझ्या खाटेखाली आहेत. एन, यू, आर, ई.
नुरे, तिनं वाचलं आणि हसत सुटली,
बाबा, हे तर मराठीच निघालं!

हो म्हटलं.
मी ती चार पुन्हा वेगळ्या क्रमानं लावून बघत होतो.
एक आर कमी पडतो. एक टी.
दोन्ही वर आहेत, केळ्यांच्या डोक्यावर,
रात्री अकरापर्यंत चालू.