पावाची बेंबी

वडगावात माझं मोटर-वाइंडिंगचं दुकान,
समोर यंत्रमाग, दिवसभर खडखट्ट.
तांब्याची तार, वॉर्निश, कोळपलेला वास.
त्यात एका मंगळवारी कॅम्पातून रिक्षानं
कार्मेलिनबाई आल्या, मांडीवर पांढरा डबा
तापानं फणफणलेलं पोर धरावं तसा.

"कुवेतहून धाडलाय पोरानं.
आत गुरगुरूलालंय, पीठ काय हलेना."

पालथा घातला. चार स्क्रू. बुडाचा पत्रा निघाला.
एवढीशी मोटर, शेजारी तिच्या चौपट चक्री,
दोघींमध्ये दातेरी पट्टा, दात पार झिजलेले.
"एवढंच?"
एवढंच, बाई. मोटर पट्टा ओढते, पट्टा चक्रीला,
चक्रीचा दांडा भांड्याच्या बुडातून वर येतो,
दांड्यावर बसतं हे पातं, अंगठ्याएवढं.
तेच तुमच्या घरवाल्याचे दोन हात.

बोलून गेलो, आणि जीभ चावली.
बेकरी बंद होऊन नऊ वर्षं झालीत त्यांची.
इनास रोझारियोच्या हातांवर केस नव्हते,
भट्टीच्या तोंडाशी सगळे जळून गेलेले,
पाव देताना मनगटं मुलीसारखी गुळगुळीत.

भंगारातल्या झेरॉक्स मशीनचा पट्टा बसला,
दोन दात जादा, पण बसला.
चालवून बघायचं तर पीठ हवं;
बाईंनी पिशवीतून काढलंच, तोलूनमापून आणलेलं.
आधी पाणी. त्यावर मैद्याचा डोंगर.
कोपऱ्यात मीठ. डोंगराच्या माथ्यावर खड्डा,
खड्ड्यात यीस्ट, "पाण्याला आत्ताच शिवायचं नाही त्यानं."

जेवणाच्या सुट्टीत मागवाले जमले.
"एनिदु?" बसलिंग्यानं विचारलं.
रोट्टी करायचं मशीन.
"जोळद रोट्टी?"
इल्ल रे, पाव.
"मग तव्याला काय धाड भरली?"

पातं फिरलं. गोळा भिंतींना आपटत
हळूहळू आपल्याच अंगानं गुळगुळीत झाला.
मग गप्प. कडेची कॉइल जरा लाल व्हायची,
विझायची. पीठ उबेला निजलेलं.
परत दोन फेरे, फुगलेलं सगळं खाली.
"अय्यो, मारलं की!" बसलिंग्या.
"मारावं लागतं," बाई म्हणाल्या, "दोनदा."

चार वाजता हेस्कॉमनं लाईट नेली.
माग थांबले. काचेवरचे आकडे मेले.
मी सांगितलं, दहा मिनिटं आठवतं ह्याला,
पुढे विसरतं. लाईट आली की
पहिल्यापासून मळायला घेईल, फुगलेलं तसंच.
बाई काही बोलल्या नाहीत.
दुकानात फिरत वॉर्निश सुकवायच्या भट्टीशी थांबल्या,
दार उघडून तळवा आत धरला,
कोकणीत मोजू लागल्या: एक, दोन, तीन,
चार, पांच, स, सात, आठ...
बाराला हात काढला. "निवली."

वॉर्निशचा पाव कोण खाईल बाई?
"खायला नाही रे. सवय."

पावणेसहाला लाईट आली.
मशीन पहिल्यापासून सुरू व्हायच्या आत
बाईंनी बोट पिठात रुतवलं.
खळगा भरून येईना लवकर.
"झालंय हे." आणि मला म्हणाल्या,
"नुसतं भाजायचं बटण असेल बघ कुठं."
होतं. बारा नंबर. एक तास.

त्या तासात माग सुरू असूनही
मला खडखट्ट ऐकू आली नाही,
किंवा वासानं ऐकू दिली नाही.

भांडं उपडं केलं तर पाव निघाला,
पातं त्याच्या पोटातच अडकलेलं.
माझ्या चिमट्यानं ओढून काढलं बाईंनी,
तळात भोक राहिलं.
पालथा धरून बघत राहिल्या,
आणि पहिल्यांदाच हसल्या:
"ह्याला बेंबी आहे रे. इनासच्या एकाही पावाला नव्हती."

सहा तुकडे झाले. बसलिंग्यानं दोन खाल्ले,
वर म्हणाला, चटणी हवी होती.
भोकाचा तुकडा बाईंनी रुमालात बांधला,
डबा मांडीवर, रिक्षा गेली.
पट्ट्याचे साठ रुपये मागायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी भट्टी तापवली,
स्टेटर आत ठेवायच्या आधी
दाराशी तळवा धरला मी.
एक, दोन, तीन.
पाचाला काढला.