सत्याऐंशी

पुस्तक समुद्राकाठच्या माणसांनी लिहिलेलं.
त्यात पंच्याण्णवच्या खाली ऑक्सिजन गेला
की धावपळ सुरू होते.
इथे पुनोत, ढगांच्या शेजारी,
सत्याऐंशीवर बाया बाजार करतात,
पाठीवर पोर, कमरेशी बटाट्यांचं ओझं.
तर नेलिदा, आकडा वहीत लिही,
पण आधी ओठ बघ. नखं बघ.
एका श्वासात बाई किती शब्द बोलते, मोज.

पहिलं वर्ष तू डॉन फेर्मिनच्या उशाशी काढलंस.
रबराचा, गुलाबी,
या गावात कुणासारखाच न दिसणारा.
त्याची शीर रोज त्याच जागी.
तो कण्हत नाही, हात ओढून घेत नाही,
चुकलीस तर नुसता लाल दिवा लागतो.
त्याच्या कोपराला भोक पडलंय, मी चिकटपट्टी लावलीय,
नवा मागितल्याला चार वर्षं झाली.
मग संत्री. मग एदगारचा दंड,
तो शूरपणाने हसला आणि धाडकन कोसळला,
तेव्हा बेशुद्ध माणसाला कसं निजवायचं
हा धडा दोन आठवडे आधीच झाला.

चादरीचे कोपरे, हात धुणं,
सलाइनचे थेंब घड्याळ लावून मोजणं.
तू वैतागून म्हणालीस, बाई, हे किती वेळा?
मी म्हटलं, हात विसरेपर्यंत.
चुकीचं उत्तर होतं ते, आता वाटतं.

आज खाट नऊ.
सातुर्निनाबाई, सरोवरातल्या बेटावरून होडीने आलेल्या,
एकावर एक पाच घागरे,
हात बर्फ, शिरा कुठे दडून बसलेल्या.
पहिली सुई चुकली.
तू माझ्याकडे पाहिलंस
आणि माझा हात पुढे आलाच होता, खरं सांगते,
एकतीस वर्षांची खोड.
मी तो खिशात कोंबला.
एवढंच शिकायला मला अर्धी नोकरी लागली.

तू ट्रे बाजूला ठेवलास.
त्यांचा हात दोन्ही तळव्यांत घेऊन बसलीस,
आणि वर्गात जी लपवतेस त्या आयमारात
काहीतरी पुटपुटलीस.
मी अरेकिपाची, मला कळलं नाही.
म्हातारी हसली, तोंडात एकच दात.
मग शीर वर आली,
पाहुणे ओळखीचे निघाल्यावर
लाजरी पोर दाराआडून यावी तशी.

गुणपत्रिकेत रकाना आहे: प्रयत्न किती?
दोन लिहिलंय. पाच गुण कापलेत, नियम आहे.
त्या पुटपुटण्याला रकाना नाही,
मी समासात लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
उद्या सहाला ये,
आणि काय म्हणालीस ते मला शिकव,
सावकाश, डॉन फेर्मिनला शिकवावं तसं.

रात्री साडेनऊ, खाट नऊ:
सत्याऐंशी.
ओठ ठीक. घोरतायत.