कळफलक

योएन्सूत तीनलाच अंधार.
सालमेनं कळफलक उलटा करून झटकला:
पावाचा चुरा, एक पांढरा केस.
मग एकेका अक्षराला स्वर नेमत बसली,
बाबांना विचारत,
"याच्या खाली कुठला होता?"

बाबांना आठवेना.
हवेत बोटं फिरवली, तेव्हा आठवलं.
अकॉर्डियन विकून सात वर्षं झाली;
त्याचीही बटणं अशीच, तिरक्या रांगांत.

जेवणं झाल्यावर ते वाजवायला बसले.
भाता नव्हता, तरी डावा खांदा ओढत होते.
दोन कळा एकदम दाबल्या, वाजल्या.
तिसरी मुकीच.
"स्वस्तातला आहे," सालमे म्हणाली,
"एका वेळी तीन त्याला कळत नाहीत."

बाबांनी पुन्हा दोनच दाबल्या
आणि तिसरा
गळ्यातून लावला.