भिंतीपासून चार बोटं

वडगावात गटारीवरची फरशी हलली
आणि डावा पाय आत वळला, एवढंच.
पडलो नाही. डबाही सांडला नाही.
संध्याकाळी घोटा वांग्याएवढा.

रक्तचंदन झालं, आंबेहळद झाली,
येळ्ळूरच्या हाडवैदानं ओढून कडकन आवाज काढला
आणि पन्नास रुपये घेतले.
सूज गेली. लंगडणं राहिलं.

चार मागांमधनं दिवसभर माझ्या फेऱ्या,
तुटला धागा सांध, कांडी बदल, पुढं हो.
त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतंय?
पण एकदा करंट गेला,
माग थांबले, आणि मी चाललो:
थप्, सर्र. थप्, सर्र.
इराप्पा म्हणाला, "परशा, तुझा एक ठोका चुकूलाय की रे,
धोटा अडकल्यागत."

म्हणून गेलो. जिना चढलो कठडा धरून.
तिगडी बाई, माझ्या थोरलीएवढ्या असतील.
वाटलं, मशीन लावतील, शेक देतील.
त्यांनी पाय सरळ मांडीवर घेतला.
मी ओढून घ्यायला लागलो, टाचेच्या भेगांत कालचं वंगण.
"असू द्या असू द्या," म्हणाल्या, अर्ध्या मराठीत.

अंगठ्याच्या बेचक्यात घोट्याचं हाड धरून
मागं सारलं, सोडलं. मागं सारलं, सोडलं.
कडकन नाही. झटका नाही.
बिघडलेल्या मागाची फणी मी अशीच चाचपतो,
कुठं अडतंय ते बोटांना आधी कळतं.
"ओंदु, एरडु, मूरु..."
तिसऱ्या खेपेला मीही मनात कानडीतच मोजत होतो.

मग भिंतीपुढं उभं केलं.
टाच उचलायची नाही, गुडघा भिंतीला टेकवायचा.
उजवा पाय चार बोटं मागं ठेवून टेकला.
डाव्याला एक बोटही जमेना.
"इथं अडलंय. म्हणून टाच लवकर उचलता, पाय बाहेर फेकता."
तीन महिने चालत होतो,
कसा चालतो ते मलाच ठाऊक नव्हतं.

पट्ट्यानं त्या हाड मागं धरायच्या, मी पुढं झुकायचो.
दीड बोट.
पुढच्या आठवड्यात अडीच.
घरी बायको विचारायची, "भिंतीशी काय करूलास रोज?"
लेंग्याच्या गुडघ्याला चुना.

सहाव्या खेपेला म्हणाल्या, "मेल्लग नडीरी."
व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो.
त्या पायांकडं बघत नव्हत्या,
डोळे मिटून ऐकत होत्या.

अजून साडेतीनच बोटं होतात.
थंडीत पहाटेची पहिली दहा पावलं जुनीच असतात,
अकराव्याला घोटा आठवतो त्याला काय शिकवलंय ते.

काल पुन्हा करंट गेला.
इराप्पा बिडी शोधत होता, पोरं मोबाइलात.
मी माठापर्यंत गेलो, पाणी प्यालो, परत आलो.
कुणी मान वर केली नाही.